गाडी लो केली, चाकं रुंद बसवली; मग टायर नेमकं कोण खातं?

मागच्या उजव्या टायरवर आतून बाहेर हात फिरवला तर गुळगुळीत लागत होतं. तोच हात बाहेरून आत आणला की रबराच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोटांना टोचत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला टायर ठणठणीत वाटला असता, खाचा खोल होत्या. गाडी जॅकवर चढवून चाक काढलं आणि आतली कड बघितली, तर रबर संपून पोलादी तारा उघड्या पडलेल्या. टायर घालून जेमतेम 6,000 किलोमीटर झाले होते.

गाडी म्हणजे माझी 1995 ची माझदा एमएक्स-5. छोटी, दोन माणसांची, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. जपानमध्ये तिला युनोस रोडस्टर म्हणायचे. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो आणि इथे या गाडीवर जीव लावणारे पुष्कळ आहेत. त्या उन्हाळ्यात मी ती 30 मिलिमीटर खाली घेतली होती. मूळची 14 इंची, साडेपाच इंच रुंदीची चाकं काढून 15 इंची, 7 इंच रुंदीची बसवली होती.

पुण्यातल्या मित्राला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर तयार होतं: "लो केली की कॅम्बर जातो, टायर आतून खाणारच." इथला शेजारीही तेच म्हणाला. हे बोलणं अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी चांगले टायर वाया जातात. टायर खाणारा बहुतेक वेळा कॅम्बर नसतो, टो असतो. कॅम्बर डोळ्यांना दिसतो म्हणून आळ त्याच्यावर येतो.

हे कळायला आधी तीन कोन समजून घेऊ.

गाडीसमोर उभं राहून चाकाशेजारी गवंड्याचा ओळंबा धरा. चाकाचा माथा ओळंब्यापासून आत, इंजिनाच्या बाजूला झुकला असेल तर तो उणे कॅम्बर. बाहेर झुकला असेल तर अधिक. आता गाडीकडे वरून बघतोय अशी कल्पना करा. दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, फेंगड्या माणसाच्या पावलांसारखी बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. तिसरा कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, त्याची वरची बाजू मागे रेललेली असते. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्यात त्या रेलण्याचाही वाटा असतो. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही तसंच रेलणं दिलेलं असतं, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते मुख्यतः त्यामुळे.

चप्पल आठवा. पाय किंचित वाकडा पडत असेल तर टाच एका बाजूने झिजते, पण वर्षभर पुरते. पाय दर पावलाला जमिनीवर घासत ओढला तर तीच चप्पल महिन्यात जाते. वाकडं पडणं म्हणजे कॅम्बर, घासत ओढणं म्हणजे टो.

आकड्यांत बघू. माझ्या टायरचा व्यास 576 मिलिमीटर. टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत 4 मिलिमीटरचा फरक, म्हणजे चाक 0.4 अंशाने तिरकं. एवढं तिरकं चाक नजरेला कळत नाही. पण ते बघतंय एकीकडे आणि गाडी त्याला नेतेय दुसरीकडे. हिशोब केला तर दर किलोमीटरला टायर सुमारे 7 मीटर आडवा घासटला जातो. 6,000 किलोमीटरला हा आडवा प्रवास 42 किलोमीटर होतो. आता कॅम्बरचं घ्या. 195 मिलिमीटर रुंद टायर एक अंश झुकवला तर आतल्या आणि बाहेरच्या कडेत साडेतीन मिलिमीटरचंही अंतर पडत नाही. टायर मऊ असतो, तो बराचसा फरक गिळतो. आतल्या कडेवर भार जास्त येतो, पण चाक सरळ गडगडतं, घासत नाही. म्हणून दीड-पावणेदोन अंश उणे कॅम्बरवर टो बरोबर असेल तर टायर समाधानाने चालतो. कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले की मात्र आतल्या कडेची धडगत नाही: एक तिला दाबून धरतो, दुसरा तिला किसतो.

मग गाडी खाली घेताना हे कोन बदलतात का?

एमएक्स-5 ला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेला असतो, आणि दोन्ही आर्म आतल्या टोकाला बिजागरीसारखे गाडीला जोडलेले असतात. बिजागरीवरचं दार उघडताना त्याचं टोक वर्तुळात फिरतं, सरळ रेषेत नाही. दार लहान तितकं वर्तुळ लहान. इथे वरचा आर्म आखूड, खालचा लांब. चाक गाडीच्या मानाने वर सरकलं की आखूड आर्मचं टोक लवकर आत वळतं आणि चाकाचा माथा सोबत ओढून नेतं. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट राहावं म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. गाडी खाली घेणं म्हणजे चाक कायमचं थोडं वर सरकवून ठेवणं. त्यामुळे उणे कॅम्बर आपोआप वाढतो. माझ्या गाडीत पुढे तो शून्याच्या जवळून उणे एक अंशाच्या आसपास आला. कारखान्यातून या गाडीचा पुढचा कॅम्बर जवळजवळ शून्यच येतो, तेव्हा हे नुकसान नव्हतं, वळणावर उलट फायद्याचं होतं.

स्विफ्टसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो: खाली एकच आर्म, आणि वर शॉकॲब्सॉर्बरच आधाराचा खांब. तिथे गणित फसवं आहे. सुरुवातीला कॅम्बर मिळतो, पण खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की मिळायचा थांबतो आणि पुढे उलटाही जाऊ शकतो. शिवाय गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि कलायला तरफ लांब मिळते. म्हणजे खाली बसलेली गाडी दिसते चपळ, पण स्प्रिंगा तेवढ्या कडक नसतील तर वळणावर आधीपेक्षा जास्त कलते. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. पण आर्मची दोन टोकं कागदावर काढून बघितली की पटतं.

टो बदलतो तो टाय रॉडमुळे. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा हा दांडासुद्धा स्वतःच्या वर्तुळात फिरतो. त्याचं वर्तुळ आणि आर्मचं वर्तुळ जुळलेलं असेल तर चाक वरखाली झालं तरी टो हलत नाही. कारखान्याने ते जुळवलेलं असतं मूळ उंचीच्या आसपासच्या पट्ट्यात. गाडी त्या पट्ट्याबाहेर नेली की खड्ड्यात चाक उडालं तरी ते किंचित वळतं. गाडी सरळ धरलेली असून हातात स्टिअरिंग शिवशिवतं ते यामुळे. याला बंप स्टिअर म्हणतात. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे हे कोन मोजून जुळवायच्या, मशीनवर गाडी उभी असते, त्यामुळे तिथल्या कागदावर तो दिसत नाही. म्हणून माझं ठाम मत: रस्त्यावर चालवायची गाडी 30 ते 35 मिलिमीटरपेक्षा खाली नेऊ नये. त्याखाली फोटो चांगला येतो आणि सस्पेन्शनला हालायला जागा उरत नाही. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये ती जागा मुळात कमी आहे. चाक वर आलं की लगेच बंप स्टॉपच्या रबरावर आदळतं आणि त्या क्षणी टायरची पकड सुटते. बरेच जण हिच्यात शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक गाडीला जोडणारे दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-5 चे माउंट बसवतात, कारण त्यांनी थोडी जागा परत मिळते. मीही बसवले.

कॅस्टरचा किस्सा छोटा पण मजेचा. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2,265 मिलिमीटर. पुढच्यापेक्षा मागची बाजू 40 मिलिमीटर जास्त खाली गेली, तर अख्खी गाडी बरोबर एक अंश मागे रेलते आणि कॅस्टर एक अंशाने वाढतो. मागची बाजू उंच ठेवली तर कमी होतो. म्हणजे पाना मागच्या स्प्रिंगवर फिरवला आणि फरक पुढच्या स्टिअरिंगमध्ये जाणवला.

आता रुंद चाकं. इथे रुंदीइतकाच ऑफसेट महत्त्वाचा. चाक हबला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. माझं मूळ चाक साडेपाच इंच रुंद, ऑफसेट 45. नवं 7 इंच, ऑफसेट 35. मिलिमीटरमध्ये मांडलं तर नव्या चाकाची बाहेरची कड जुन्यापेक्षा 29 मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड 9 मिलिमीटर आत गेली. दुकानदार "बसतं हो" म्हणतो तेव्हा हे दोन आकडे त्याच्याकडून काढून घ्या. बाहेरचा आकडा मडगार्डला लागेल की नाही ते सांगतो, आतला शॉकॲब्सॉर्बरला.

चाकाची मध्यरेषाही 10 मिलिमीटर बाहेर गेली, आणि स्टिअरिंगला जाणवतं ते हेच. चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेषा खाली वाढवली तर रस्त्याला एका ठिकाणी टेकते. ते ठिकाण आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांतलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. चाक बाहेर सरकलं की टायरच्या हातात तरफ येते. रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या गाडीला ओढू लागतात, आणि एक चाक ओल्यावर, एक कोरड्यावर असताना ब्रेक मारला तर स्टिअरिंग हातातून फिरू पाहतं. ब्रेकच्या वेळी ही तरफ पुढची चाकं बाहेर, टो-आउटकडे ढकलते, कारण आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश थोडे दबतात. म्हणून रुंद चाकांवर मी पुढे थोडा टो-इन ठेवतो. ब्रेक लागला की तो शून्याकडे येतो, शून्यापलीकडे जात नाही.

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, हा समजही तपासून घ्यावा. चाकावर 240 किलो भार आणि टायरमध्ये 1.9 बार हवा असेल तर टेकलेलं रबर ढोबळमानाने सव्वाशे चौरस सेंटीमीटर, टायर अरुंद असो वा रुंद. रुंदीने आकार बदलतो: लांबट ठसा आखूड आणि पसरट होतो. वळणावर तो चांगली पकड देतो, पण कोन चुकला तर लगेच रुसतो, कारण पसरट ठशाची एक कड उचलली जायला थोडंसं झुकणं पुरतं. अरुंद टायर जी चूक माफ करतो, ती रुंद टायर करत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. एक अंश उणे कॅम्बर वाढवला की चाकाचा माथा साधारण 5 मिलिमीटर आत येतो, म्हणून काही जण चाक मडगार्डखाली कोंबायला कॅम्बर वापरतात. जपानमध्ये तर चाकं राक्षसी कोनात वाकवण्याची एक फॅशनच आहे, तिला ओनिक्यान म्हणतात. प्रदर्शनात उभी राहणारी गाडी असेल तर ज्याची त्याची हौस. पण रस्त्यावर, पावसात, शेजारी कुणी बसलेलं असताना टायरचा निम्मा भाग हवेत ठेवून गाडी चालवू नका. कॅम्बर टायरसाठी असतो, मडगार्डसाठी नाही. जर्मनीत निदान तपासणीवाला हात धरतो: चाकाच्या केंद्रातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे 30 अंश आणि मागे 50 अंशांपर्यंत टायर वरून झाकलेला असावा लागतो, आणि नवे स्प्रिंग, नवी चाकं सहसा गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावी लागतात.

मग माझ्या मागच्या टायरांचं झालं काय? एमएक्स-5 मध्ये मागच्या खालच्या आर्मला आतल्या बाजूला दोन एक्सेंट्रिक बोल्ट असतात. बोल्टचं डोकं फिरवलं की आर्म आतबाहेर सरकतो. कॅम्बर आणि टो दोन्ही तिथेच ठरतात. शॉकॲब्सॉर्बर बाहेर काढायला मी ते सैल केले, खडूने खूण करून. खूण पावसात पुसली गेली आणि मी अंदाजाने घट्ट केले. मग गाडी एका अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याने पुढचा टो नीट केला, मागचे बोल्ट गंजलेत म्हणून हात लावला नाही, आणि तसं सांगितलंही नाही. कागदावर पुढचे आकडे हिरवे होते. मीही तेवढेच बघितले.

तारा दिसल्यावर तो कागद पुन्हा काढला. मागे उजवं चाक 0.6 अंश टो-आउट, डावं 0.2. दोघांत फरक असला की गाडी सरळ जात नाही, खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते आणि ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग वाकडं धरून तिला सरळ ठेवतो. तिरकं चालण्यात चूक दोन्ही चाकांत वाटली जाते: प्रत्येकाच्या वाट्याला 0.4. म्हणून डावा टायरही आतून तितकाच गेला होता, जरी त्याचा दोष कमी होता. आणि एका पावसाळी संध्याकाळी हायवेवरून उतरताना, वळणात पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला तेव्हा गाडीची मागची बाजू सर्रकन बाहेर का गेली होती, तेही तेव्हा कळलं. मागचा टो-आउट गाडीला मागून स्टिअरिंग करतो. मी ते नव्या स्प्रिंगांवर ढकललं होतं. टायर गेले त्याचं मला फारसं वाटत नाही, त्या वळणाचं वाटतं.

दुसऱ्यांदा काम केलं ते क्रमाने. आधी उंची. ती जमिनीपासून नाही, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली, म्हणजे टायरची झीज हिशोबात येत नाही. मग आर्मचे सगळे बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उतरवली, मागेपुढे ढकलून बसू दिली, आणि त्या स्थितीत घट्ट केले. हे बहुतेक गॅरेजांत होत नाही. रबरी बुश फिरत नाही, तो ओल्या टॉवेलसारखा पिळला जातो. गाडी जॅकवर लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी उंच बसते आणि रबर लवकर फाटतं. त्यानंतर 500 किलोमीटर चालवली, कारण नवे स्प्रिंग थोडे दबतात. गंजलेले बोल्ट कापून नवे घातले. आणि मगच अलाइनमेंट, तेही ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाची वाळूची पोती ठेवून. साडेनऊशे किलोच्या गाडीत 75 किलोचा माणूस नगण्य नसतो.

मशीनवाल्याला आकडे लिहून दिले. पुढे कॅम्बर उणे 1.2, कॅस्टर 5 आणि दोन्ही बाजूंना सारखा, टो-इन दोन्ही चाकं मिळून दीड मिलिमीटर. मागे कॅम्बर उणे 1.7, टो-इन दोन मिलिमीटर. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा अर्धा अंश जास्त ठेवला, म्हणजे पकड सुटलीच तर आधी पुढची सुटेल. साध्या रस्त्यावर तेच सुरक्षित. रेस ट्रॅकवर जाणारे पुढे याहून बरंच जास्त ठेवतात, पण ते टायर वर्षभर चालवायचे म्हणून घेत नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. तिकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा असतो, त्यामुळे मागचा कॅम्बर आणि टो फिरवायला बोल्टच नसतो. "फोर व्हील अलाइनमेंट" असं पावतीवर असलं तरी मागे फक्त मोजमाप होतं. तरी ते मोजमाप बघा. बीम वाकलेला असेल तर तिथेच कळतं. दुसरं, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असे बदल करता येत नाहीत, की ज्यांमुळे आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल. खर्च करण्याआधी ते वाचा. आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर कुणाच्या मापात नसतात. 30 मिलिमीटर तिथे फार असतात.

मशीनवरून कागद हातात आला की आधी खालचा भाग वाचा, जिथे मागच्या चाकांचे आकडे असतात. डाव्या-उजव्याची तुलना करा. आकडा हिरव्या पट्ट्यात आहे एवढ्याने भागत नाही, कारण तो पट्टा मूळ उंचीच्या, मूळ चाकांच्या गाडीचा आहे. एक हजार किलोमीटरनंतर गाडी जॅकवर घेऊन चारही टायरांवरून हात फिरवा, दोन्ही दिशांनी, आणि आतल्या कडेपर्यंत.